वितरित डेटाबेसमधील उपक्वेरींच्या उत्तरांची साठवण : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक :

एखाद्या विद्यापीठाची माहिती अनेक संगणकांवर विभागून ठेवली आहे असे मानले, तर महाविद्यालयनिहाय निकाल मागणारी क्वेरी आणि विषयनिहाय निकाल मागणारी क्वेरी या वरवर भिन्न असल्या तरी विद्यार्थ्यांचा तक्ता व गुणांचा तक्ता यांची जोडणी दोहोंनाही करावीच लागते. खर्च होतो तो मुख्यतः या जोडणीत. कारण एका संगणकावरील नोंदी नेटवर्कवरून दुसऱ्याकडे न्याव्या लागतात. पहिल्या क्वेरीसाठी झालेले हे काम राखून ठेवावे व दुसरीस द्यावे, ही कल्पना इतकी स्वाभाविक आहे की तिलाही इतिहास असेल असे सहसा वाटत नाही. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा मागोवा घेतला असून, तिच्यापुढील खरी अडचण जागेची नव्हती, साठवलेले उत्तर अद्याप खरे आहे की नाही हे ठरविण्याची होती, असे मत मांडले आहे.

आरंभीचे प्रयत्न :

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल प्रतिमान मांडले. काय हवे ते वापरकर्त्याने सांगावे आणि ते कसे मिळवावे हे प्रणालीने ठरवावे, ही विभागणी त्यातून रूढ झाली. जुने उत्तर गुपचूप पुन्हा वापरण्याची मुभा प्रणालीला मिळाली ती यामुळेच. पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांच्या ‘सिस्टिम आर’विषयक १९७९ च्या शोधनिबंधात या पुनर्वापराचा एक लहानसा नमुना आढळतो : बाहेरील क्वेरीच्या नोंदी योग्य क्रमाने येत असतील आणि संदर्भमूल्य मागील नोंदीसारखेच असेल, तर आतील उपक्वेरी पुन्हा न चालविता आधीचे उत्तर वापरता येते. मात्र ही आठवण एका क्वेरीपुरतीच असे.

क्वेरींच्या सीमा ओलांडण्याचा विचार शेल्डन फिंकेलस्टाइन यांनी १९८२ मध्ये समान अभिव्यक्तींच्या विश्लेषणातून मांडला. टिमोस सेलिस यांच्या १९८८ च्या निबंधाने एकत्र आलेल्या अनेक क्वेरींच्या संयुक्त नियोजनास पद्धतशीर रूप दिले. पण क्वेरी नेहमी एकत्र येत नाहीत. एक आज येते, दुसरी उद्या.

मुंबई, १९९६ :

या प्रश्नावरील दोन महत्त्वाचे निबंध एकाच परिषदेत सादर झाले, आणि १९९६ ची ती व्हीएलडीबी परिषद मुंबईत भरली होती. ‘वॉचमन’ या प्रणालीने केवळ अलीकडे कोणते उत्तर वापरले गेले एवढेच न पाहता, ते किती वेळा मागितले जाते, किती जागा व्यापते आणि पुन्हा काढण्यास किती खर्च येतो, यांवरून ते ठेवायचे की टाकायचे हे ठरविले. अर्थाधारित कॅशविषयीच्या दुसऱ्या निबंधाने साठवलेल्या माहितीचे वर्णन तिच्या अटींनुसार केले. त्यामुळे नव्या क्वेरीचा जो भाग हाती नाही तेवढाच सर्व्हरकडून मागविता येऊ लागला.

यानंतरचा टप्पा पवईतला आहे. आयआयटी मुंबई येथील प्रसन रॉय, एस. शेषाद्री, एस. सुदर्शन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये बहुक्वेरी नियोजनाच्या व्यवहार्य पद्धती प्रसिद्ध केल्या. मधल्या टप्प्यांवरील उत्तरे फेकून न देता जपावीत, हे मांडणारा त्यांच्या गटाचा स्वतंत्र निबंधही त्याच वर्षाचा. काय जपावे हा निर्णय त्यांनी क्वेरीच्या नियोजकाशीच जोडला, हे त्या कामाचे खरे महत्त्व होय. नियोजकाला कॅशची माहिती नसेल, तर शेजारी ठेवलेले उत्तरही त्याला दिसत नाही.

एक शिकवणारे अपयश :

मायएसक्यूएलच्या ४.० मालिकेत क्वेरी कॅश आली आणि ती अतिशय लोकप्रिय झाली. तिची रचना मात्र संकुचित होती. मजकूर अक्षरशः जुळला तरच साठवलेले उत्तर मिळे. दुसऱ्या क्वेरीच्या पोटातील उपक्वेरीस तिचा लाभ नसे. तक्त्यातील एक नोंद बदलली तरी त्या तक्त्यावरील सर्व उत्तरे रद्द होत. शिवाय कॅशवरील सामाईक कुलपापाशी अनेक प्रोसेसर रांगेत उभे राहू लागले. वेग वाढविण्यासाठी आणलेली सोय अशा ठिकाणी वेग रोखू लागली. २०१७ मध्ये ती त्याज्य ठरविण्यात आली आणि २०१८ च्या ८.० आवृत्तीत तिला स्थान उरले नाही. येथे दोष कल्पनेचा नसून तिला दिलेल्या जागेचा होता, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. सतत बदलणाऱ्या तक्त्यांवर असे उत्तर टिकणार तरी किती वेळ?

न बदलणारी माहिती :

वितरित प्रणालींमध्ये या प्रश्नाला वळण मिळाले ते वेगळ्याच कारणाने. मोठ्या विश्लेषण-प्रणालींत फायली एकदा लिहिल्यावर बदलत नाहीत. नवी माहिती नव्या फायलीत येते. त्यामुळे ‘उत्तर शिळे झाले का?’ या अवघड प्रश्नाची जागा ‘आधारभूत फायली त्याच आहेत का?’ या सोप्या प्रश्नाने घेतली. मायक्रोसॉफ्टमधील ‘नेक्टर’ (२०१०) आणि हडूपच्या परिसरातील ‘रीस्टोअर’ (२०१२) या प्रणालींनी मधली उत्तरे वेगवेगळ्या कामांना उपलब्ध करून दिली.

मायक्रोसॉफ्टच्याच ‘क्लाउडव्ह्यूज’ने (२०१८) प्रत्येक उपक्वेरीस दोन ओळखखुणा दिल्या. एक तारीख व फायलींचे तपशील वगळून केलेली, दुसरी ते सर्व धरून केलेली. पहिलीच्या आधारे रोज परत येणारे काम ओळखता येते व काय जपावे हे आधीच ठरविता येते. प्रत्यक्ष उत्तर मात्र दुसरी खूण जुळल्यावरच दिले जाते. अर्थात, कालच्या फायलींवरून काढलेले उत्तर आजच्या कामास मिळत नाही. आज प्रथम येणारे काम ते नव्याने काढते आणि मागून येणारी कामे तेच वापरतात.