काळा विजेता, गोरी बायको आणि समाजाचा न्याय

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे आणि "तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहाच" असा कार्यकारिणीच्या मंडळींचा आग्रह झाला. आम्ही काही पदवीधर नाही. शाळा अर्धवट सुटली आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. जे काही वाचले ते रात्रपाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

विषय कोणता घ्यावा, तर तो आपल्या विहाराच्या पायरीवरच सापडला. आपल्या वस्तीतला एक मुलगा शिकून मोठा साहेब झाला आणि त्याने परजातीतली मुलगी केली. त्यावरून बायामंडळी बोलत होत्या, "शिकला, मोठा झाला, आणि आपल्या पोरी त्याला दिसेनाशा झाल्या." आम्हीही मान हलवली. पुढे वाचता वाचता ध्यानात आले की, अगदी हेच वाक्य अमेरिकेतले काळे लोक शंभर वर्षांपासून बोलत आले आहेत. त्यांच्यातला एखादा मुष्टियोद्धा जगज्जेता झाला, एखादा गायक गाजला, की पहिला प्रश्न हाच. बायको गोरी का?

कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या काळ्यांशी आपला संबंध काय? संबंध जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. आणि बाबासाहेब तर स्वतः १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले. ते जुलै महिन्यात तिथे पोहोचले. त्याच्या महिनाभर आधी, जून १९१३ मध्ये, शिकागोच्या कोर्टात एका काळ्या जगज्जेत्याला शिक्षा झाली होती. त्याचीच हकीगत आधी सांगतो.

रिंगणातली रेषा

जॅक जॉन्सन १८७८ साली टेक्सास राज्यातल्या गॅल्व्हेस्टन या बंदराच्या गावी जन्मला. आईबाप दोघेही गुलामीतून सुटलेले. त्या काळी मुष्टियुद्धात सर्वांत मोठा मान हेवीवेट जगज्जेत्याचा, आणि गोरे विजेते काळ्या माणसाशी त्या किताबासाठी लढतच नसत. याला ते रंगरेषा म्हणत. आपल्या गिरणीतल्या जुन्या लोकांना हे समजावून सांगायला नको. विणकाम खात्यात पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून आपल्या माणसाला त्या खात्यात शिरकाव नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, तो याच रेषेविरुद्ध.

जॉन्सन टॉमी बर्न्स नावाच्या विजेत्याच्या मागे मागे देशोदेशी गेला आणि शेवटी २६ डिसेंबर १९०८ रोजी ऑस्ट्रेलियात सिडनीला त्याला हरवून पहिला काळा जगज्जेता झाला. गोऱ्यांना ते सहन झाले नाही. निवृत्त झालेल्या जेफ्रीजला पुन्हा उभे केले. ४ जुलै १९१० रोजी नेव्हाडा राज्यात रेनो येथे लढत झाली आणि पंधराव्या फेरीत जेफ्रीज पडला. त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसे मेली, आणि त्यांत बहुतेक काळीच. जॉन्सन जिंकला रेनोला, मार खाल्ला दूरच्या गावात घरी निघालेल्या गरीब काळ्या माणसाने. ही गोष्ट पुढच्या सगळ्या कथेची किल्ली आहे. दोन वर्षांनी तर लढतींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर कायद्याने बंदी घातली.

गुन्हा कोणता?

जॉन्सन गोऱ्या बायकांबरोबर उघड फिरत असे, लपवत नसे. १९११ साली त्याने एटा ड्युरिया या गोऱ्या बाईशी लग्न केले. आम्ही त्याला साधू ठरवत नाही. त्याने तिला मारहाण केली, दुसऱ्या बायकांचाही नाद त्याला होता, आणि सप्टेंबर १९१२ मध्ये त्या बाईने शिकागोत आत्महत्या केली. हा दोष त्याचाच. पण सरकारने त्याला पकडले ते बायकोला मारल्याबद्दल नव्हे, हे ध्यानात घ्या.

पुढच्याच महिन्यात लुसिल कॅमेरून या गोऱ्या तरुणीच्या आईने, माझी मुलगी पळवली, अशी तक्रार केली. लुसिलने त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला नकार दिला आणि डिसेंबरात त्याच्याशी लग्नच केले. तो खटला बारगळला. मग सरकारने त्याची जुनी मैत्रीण बेल श्रायबर हिला साक्षीला उभे केले. बायकांचा बाजार थांबवण्यासाठी १९१० साली मॅन कायदा झाला होता. अनीतीच्या हेतूने स्त्रीला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे हा त्यात गुन्हा. तो कायदा जॉन्सनला लावला. ज्यूरीतले सगळे गोरे. शिक्षा एक वर्ष एक दिवस आणि हजार डॉलर दंड. जॉन्सन देश सोडून पळाला. १९१५ साली क्युबात हवाना येथे तो किताब हरला, १९२० साली परत येऊन स्वतः हजर झाला आणि कैद भोगली. १९४६ साली मोटार अपघातात तो गेला. त्याला सरकारी माफी मिळाली २०१८ साली, म्हणजे मेल्यावर बहात्तर वर्षांनी.

आपल्याच लोकांचा राग

गोऱ्यांचा राग समजण्यासारखा आहे. जॉर्जिया राज्याच्या रॉडनबेरी नावाच्या प्रतिनिधीने तर, काळ्यागोऱ्यांची लग्ने साऱ्या देशात बंद करा, अशी घटनादुरुस्तीच डिसेंबर १९१२ मध्ये मांडली. अनेक राज्यांत तशी विधेयके आली. पण काळ्या समाजाचे काय? तिथे दोन तट पडले.

बुकर टी. वॉशिंग्टन हे त्यांचे मोठे शिक्षणपुढारी. त्यांनी जॉन्सनला जाहीरपणे दोष दिला. त्यांच्या जागी बसून बघा. एका माणसाच्या वागण्याची किंमत लाखो गरिबांना मोजावी लागते, दंगलीत त्यांची घरे जळतात, नोकऱ्या जातात. तेव्हा त्यांचा राग नुसता मत्सराचा म्हणता येत नाही.

दुसऱ्या बाजूला डॉ. ड्यूबॉइस. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले तेच हे. त्यांनी १९१३ साली आपल्या 'क्रायसिस' मासिकात या बंदीच्या कायद्यांवर हल्ला केला. त्यांचा मुद्दा असा की, लग्नाला बंदी म्हणजे संबंधाला बंदी नव्हे. गोरा पुरुष काळ्या मुलीला नादी लावणार, आणि मूल झाले की कायदाच त्याला म्हणणार, तुझी जबाबदारी काही नाही. म्हणजे बंदीने गोऱ्या स्त्रीचे रक्षण होवो न होवो, काळी स्त्री मात्र उघडी पडते. आम्हांला हा विचार फार मोलाचा वाटतो. सवर्ण पुरुषाने आपल्या आयाबहिणींना उपभोगावे आणि लग्नाचे नाव काढताच जात आठवावी, हे गावगाड्यात आपण पाहिलेले आहे.

दुसरा विजेता, दुसरी रीत

जॉन्सननंतर बावीस वर्षे कोणाही काळ्याला त्या किताबासाठी लढू दिले नाही. १९३७ साली जो लुई जगज्जेता झाला. अलाबामातल्या शेतमजुराघरचा, डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात काम केलेला, म्हणजे आपल्यासारखाच कामगार. त्याचे व्यवस्थापक स्वतः काळे होते. त्यांनी त्याला नियम घालून दिले. गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही. प्रतिस्पर्धी पडला तर हसायचे नाही. जो लुईने नियम पाळले, निदान चारचौघांत. देशाने त्याला डोक्यावर घेतले. पण विचार करा, जगातला सर्वांत बलवान माणूस, आणि फोटोत शेजारी कोण उभे आहे याची त्याला धास्ती!

सिनेमा-गाण्याच्या धंद्यातही तेच. सॅमी डेव्हिस या नावाजलेल्या गायकाचे नाव १९५७ साली किम नोव्हॅक या गोऱ्या नटीशी जोडले गेले. तिच्या कंपनीचा मालक भडकला, गुंडांकरवी धमक्या आल्याचे सांगतात. जानेवारी १९५८ मध्ये सॅमीने घाईघाईने एका काळ्या गायिकेशी लग्न उरकले. ते टिकले नाही. नोव्हेंबर १९६० मध्ये त्याने मे ब्रिट या स्वीडिश नटीशी लग्न केले, तेही केनेडींच्या निवडणुकीला धक्का लागू नये म्हणून पुढे ढकलून. ज्या केनेडींसाठी तो प्रचारात गायला, त्यांच्या शपथविधीच्या समारंभाला त्याला येऊ नको असे कळवण्यात आले. इतके करून काळी मंडळीही त्याला बोल लावीतच होती.

आता हॅरी बेलाफॉन्टे पाहा. त्यानेही १९५७ साली ज्युली रॉबिन्सन या गोऱ्या नर्तिकेशी लग्न केले. काळ्या समाजात इतकी चर्चा झाली की 'एबनी' मासिकात त्याला स्वतःच्या लग्नाविषयी लेख लिहावा लागला. पण पुढे काय झाले? मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीला पैसा लागला की बेलाफॉन्टे उभा. १९६३ साली बर्मिंगहॅमला सत्याग्रही तुरुंगात गेले, तेव्हा जामिनाचे पैसे उभे करणाऱ्यांत तो पुढे. किंगांच्या कुटुंबालाही त्याने आधार दिला. उलट महंमद अली त्या काळात काळ्यागोऱ्यांच्या लग्नांना जाहीर विरोध करीत असे, आणि तोही आपल्या लोकांसाठी किताब गमावून बसला. तेव्हा बायको कोणत्या रंगाची यावरून माणूस आपला की परका हे ठरत नाही.

गवंड्याने कायदा मोडला

एवढे मोठमोठे लोक झाले, पण बंदीचा कायदा मोडला कोणी? एका गवंडीकाम करणाऱ्याने आणि त्याच्या बायकोने. रिचर्ड लव्हिंग गोरा, मिल्ड्रेड काळी. दोघे व्हर्जिनिया राज्यातल्या खेड्यातले. जून १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न करून आले. पुढच्या महिन्यात रात्री पोलीस घरात शिरले आणि दोघांना झोपेतून उठवून नेले. एक वर्षाची कैद, पण पंचवीस वर्षे राज्यात एकत्र पाऊल ठेवले नाही तर माफ, असा निकाल. आपल्या गावात नांदायला बंदी! १९६३ साली मिल्ड्रेडने ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिले, तिथून वकील मिळाले, आणि १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असे सगळे कायदे रद्द केले. त्या वेळी सोळा राज्यांत ते चालू होते.

लोकमतही पालटले. गॅलप या संस्थेच्या पाहणीत १९५८ साली अशा लग्नांना शंभरात चार लोक अनुकूल होते, २०२१ साली चौऱ्याण्णव. तरी कुजबुज संपली नाही. टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिने २०१७ साली गोऱ्या उद्योजकाशी लग्न केले, तर तिलाही आपल्यांतल्याच काहींनी नावे ठेवली.

आपण काय घ्यावे

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या भाषणात स्पष्ट सांगितले की, सहभोजनाने जात मरणार नाही, तिच्यावर खरा उपाय आंतरजातीय विवाह. हे वाक्य आपण भाषणात घेतो, आणि घरात आले की गप्प बसतो. त्यांनी स्वतः १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्यावरून कुजबुज झाली, आणि १९५६ नंतर माईसाहेबांना आपल्याच लोकांनी किती वर्षे दूर ठेवले, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे.

आमचे म्हणणे एवढेच. आपल्या मुलींची तक्रार खोटी नाही. पोरगा शिकतो, त्याच्या शिक्षणासाठी बहीण शाळा सोडते, आणि शेवटी शिकलेल्या मुलीला जोगा नवरा मिळत नाही. काळ्या बायकांचेही दुःख हेच होते. ते ऐकून घेतले पाहिजे. पण त्याचा राग परक्या घरातून आपल्यात आलेल्या मुलीवर काढणे हा न्याय नव्हे. तिलाही माहेर तुटलेले असते. मुलाला विचारायचेच असेल तर हे विचारा, "बाबा, वस्तीकडे पाठ फिरवलीस का? अभ्यासिकेला वर्गणी देतोस का? आईला भेटतोस का?" आणि उद्या आपल्या मुलीने परजातीतला नवरा केला, तर तिलाही हेच माप लावा, जास्त कडक नको.

तो मुलगा आमच्या मित्राचा. त्याच्या लग्नाची पत्रिका आली होती. आम्ही गेलो नाही, पाळी असल्याचे निमित्त सांगितले. पाळी नव्हती. हे आज छापून कबूल करतो. त्यानंतर तो विहारात आला नाही, आणि आम्ही म्हणत राहिलो, बघा, विसरला. विसरला कोण?

यंदाच्या वर्धापनदिनाचे निमंत्रण घेऊन आम्ही स्वतः त्याच्या घरी जाणार आहोत. निमंत्रणावर दोघांचीही नावे घालायला कार्यकारिणीला सांगितले आहे. ती दोघे आली तर पुढच्या रांगेत जागा करून द्या, आणि सूनबाईला तिची जात विचारू नका.

जयभीम.