दाराखालची निळी रेघ

परवा रात्री दीड वाजता लेकीच्या खोलीच्या दाराखाली निळसर उजेडाची रेघ दिसली. ती अकरावीत आहे, सकाळी सातचं कॉलेज. मी मोबाइल हिसकावला, नको ते बोललो. सकाळी ती उठेना तेव्हा 'आळशी' म्हणालो. तो शब्द दिवसभर मलाच टोचत राहिला, आणि मी वाचायला बसलो.

माझ्या लहानपणी सोलापुरात इशाची नमाज झाली की आमचा मोहल्ला निजायचा. कंदिलाची वात बारीक करताना आई म्हणायची, "रॉकेल काय नळाला येतं?" उजेडाला पैसे पडत, म्हणून रात्र रात्रच राही. फक्त रमजानात ती दोन तुकड्यांत यायची. सहरीला उठवणाऱ्याची हाळी मध्येच जागं करी. रॉजर एकर्च या अमेरिकी इतिहासकाराने २००५ साली रात्रीच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. जुन्या युरोपातले लोक रोजच असे दोन हप्त्यांत झोपत, मधल्या वेळात प्रार्थना करत, गप्पा मारत, असं त्याचं म्हणणं. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही. मला मात्र आमचा रमजान आठवला.

१८७९ साली एडिसनचा दिवा आला आणि पुढे रात्र विकत घेता येऊ लागली. पण उजेड शरीरात जाऊन करतो काय? १९५८ मध्ये येल विद्यापीठात आरन लर्नर यांनी गुरांच्या मेंदूतल्या एका इवल्याशा ग्रंथीतून मेलॅटोनिन वेगळं काढलं. रात्र झाल्याची वर्दी शरीराला देणारं हे द्रव्य. प्रखर उजेडात ते माणसात दबतं, हे आल्फ्रेड लेवी आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवलं. २००२ च्या सुमारास डोळ्यांतल्या अशा पेशी ओळखल्या गेल्या, की ज्या मेंदूतल्या घड्याळाला उजेडाची खबर देतात. आणि निळ्या उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. माझ्या दाराखालची रेघ निळीच होती.

तरी सगळा गुन्हा फोनच्या माथी मारू नये. मेरी कार्सकाडन यांनी १९७० च्या दशकात स्टॅनफर्डला मुलांची उन्हाळी झोप-शिबिरं घेतली. मुलं मोठी होतात तशी त्यांना झोप कमी पुरते, हा समज तिथे खोटा ठरला. पुढे असंही दिसलं की वयात येताना शरीराचं घड्याळच मागे पडतं. बाहेर दहा वाजलेले असतात, आत आठच. मोबाइल नव्हते तेव्हाही हे होतंच. म्हणून अमेरिकेत एडायना गावाने १९९६ मध्ये हायस्कूल सात वीसऐवजी साडेआठला भरवायला सुरुवात केली. महाराष्ट्र सरकारनेही २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. चांगलंच झालं, पण ज्यांचं घड्याळ खरोखर मागे पडलेलं, ती दहावी-बारावीची मुलं त्यात नाहीत.

हे सगळं लेकीला सांगून मी माफी मागितली. ती म्हणाली, "अब्बा, पण दीड वाजता तुम्ही का जागे होतात?"

मी फोनवर कविता लिहीत होतो.

आता रात्री दहाला दोघांचे फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर असतात. काल साडेअकराला तिथे मी पकडला गेलो.