कुंपणातील पायवाट

कुंपणातील पायवाट : गुरांना अडवणारी, पण माणसाला फाटक न उघडता पायी जाऊ देणारी कुंपणातील जागा. गवताचे कुरण, भातखाचर, आगर, गोठ्याचे आवार, गायरान अशा ठिकाणी तिची गरज पडते. कुंपण कितीही भक्कम असले तरी त्याचे फाटक उघडे टाकून पुढे जाणारा वाटसरू हे गुरे राखणाऱ्याचे जुने दुखणे आहे. त्यावरचा खरा उपाय कडी-कुलूप नव्हे. वाट अशी ठेवावी की तिच्यात उघडण्या-मिटण्यासारखे काही उरूच नये. मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न तीन रूपांत दिसतो : गोरेगावच्या आरे दुग्धवसाहतीत, बोरिवली ते मुलुंडपर्यंत पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीवर आणि मोकाट गुरांचा वावर असलेल्या मोठ्या संस्थांच्या आवारांत.

तत्त्व : गुराचे धड लांब आणि ताठ असते. मान हवी तशी वळते, पण पाठीचा कणा बाजूला फारसा वाकत नाही. म्हणून गाय किंवा म्हैस अरुंद जागेत काटकोनात वळू शकत नाही. माणूस जागच्या जागी वळतो, आडवा होऊन फटीतून सरकतो आणि गुडघाभर उंच पायरीवर सहज पाय ठेवतो. कुंपणातील बहुतेक सगळ्या पायवाटा या फरकावरच उभ्या आहेत. एका प्रकारात दोन खांबांमध्ये खाली निमुळती आणि वर रुंद अशी फट ठेवतात. माणसाचे पाय खालून जातात, खांदे वरून जातात, गुराचे पोट अडकते. दुसऱ्यात वाटेला इंग्रजी 'झेड'सारखे वळण देतात. तिसऱ्यात कुंपणाच्या दोन्ही अंगांना पायऱ्या बसवतात. चौथा प्रकार जमिनीतला : खड्ड्यावर गोल लोखंडी पाइप अंतराअंतराने आडवे टाकतात. खूर घसरण्याच्या भीतीने आणि पाइपांखालच्या काळोख्या पोकळीला बुजून गुरू त्यावर पाय घालत नाही. मोटार मात्र सरळ जाते. आपल्याकडे वसाहतींच्या आणि कारखान्यांच्या फाटकांत ही जाळी दिसते, कंत्राटदार तिला 'काऊ कॅचर' म्हणतात. चप्पल घालून चालणाऱ्याला आणि म्हाताऱ्या माणसाला ती गैरसोयीचीच, त्यामुळे तिच्या बाजूला पायी जाणाऱ्यांसाठी वेगळी फट हवी. बहुतेक ठिकाणी ती ठेवायची राहून जाते.

या सर्व रचना मोठ्या गुरांसाठी आहेत. शेळी पायऱ्या चढते आणि वासरू फटीतून जाते. जिथे शेळ्या चरतात तिथे फक्त बंद होणारे फाटकच उपयोगाचे.

कोकणातील जुन्या रीती : उत्तर कोकणात, म्हणजे साष्टी बेटासह ठाणे-पालघरच्या पट्ट्यात, कुंपण हे मुख्यतः पावसाळ्याचे काम असे. भात उभे असेपर्यंत गुरे राखणीत ठेवायची आणि कापणीनंतर रान मोकळे करायचे, हा क्रम होता. त्यामुळे कुंपणही हंगामी : बांबू, कारवी, काट्याकुट्या. कायमचे कुंपण हवे तिथे शेर, निवडुंग, घायपात, चिल्हार यांची जिवंत वई लावत. दक्षिणेकडे, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, जांभ्या दगडाचा गडगा हेच खरे कुंपण. चुना-सिमेंट न लावता रचलेल्या या गडग्यात काही लांब चिरे मुद्दाम बाहेर काढून ठेवले की त्यांचीच पायरी होते. घराच्या तोंडाशी बेडे असते : दोन खांबांना भोके पाडून त्यांत आडवे सरकवलेले बांबू किंवा वासे. माणूस वरचे दोन वासे बाजूला सारून खालच्यावरून पाय टाकतो. गुरासाठी सगळे वासे काढावे लागतात. गुरासाठी दार बंद, माणसासाठी अर्धे उघडे अशी ही सोय इतक्या थोड्या सामानात दुसरीकडे क्वचितच साधली असेल. कुंपण उडी मारून ओलांडणाऱ्या द्वाड गुराच्या गळ्यात लोढणे बांधत. लाकडाचा तो ओंडका धावताना गुडघ्यांवर आपटतो आणि उडी घेऊ देत नाही. कुंपण जमिनीला घालण्याऐवजी जनावरालाच घालण्याची ही तऱ्हा.

आरे दुग्धवसाहत : शहरातले गुरांचे तबेले बाहेर काढण्यासाठी 1949 मध्ये गोरेगावच्या पूर्वेस ही वसाहत उभारण्यास सुरुवात झाली. 4 मार्च 1951 रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. तिची आखणी दूध आयुक्त दारा खुरोडी यांची. दुग्धविकासातील कामाबद्दल त्यांना 1963 मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वसाहतीचे क्षेत्र सुमारे 1,287 हेक्टर (3,180 एकर). त्यात सुमारे 30 तबेले, म्हणजे 'युनिट', आणि सुमारे 16,000 म्हशी. म्हशी खाजगी मालकांच्या. जागा, तबेला आणि पाणी सरकारचे. दूध बृहन्मुंबई दूध योजनेला जात असे.

कुरण आणि माणूस यांचा झगडा आरेने ज्या पद्धतीने सोडवला, ती जगातल्या चराऊ मुलखांपेक्षा वेगळी आहे. इंग्लंडात गुरे कुरणभर चरतात आणि त्यांच्यातून पायवाटा जातात, म्हणून तिथे फटींची आणि पायऱ्यांची एवढी जपणूक. योगायोगाने त्यांचा ग्रामीण पायवाटांची नोंद करायला लावणारा कायदाही 1949 चाच. आरेत म्हशी चरायला सोडायच्याच नव्हत्या. म्हैस दावणीला, गव्हाण तिच्यापुढे, आणि गवत कापून तिच्यापर्यंत. तबेले धुतलेले शेणमिश्रित पाणी उतारावरून खाचरांत सोडायचे, त्यावर पॅरा गवत वाढवायचे आणि तेच पुन्हा म्हशींना घालायचे, असे हे चक्र. परिणाम असा की कुरणात गुरू नाही आणि गुरू आहे तिथे कुरण नाही. कुंपण फक्त तबेल्याला उरले. उरलेल्या हिरव्या विस्तारावर माणूस मोकळा. मुंबईकर आरेतली 'छोटा काश्मीर' ही बाग बघायला बेधडक गेले, चित्रपटवाल्यांनी तिथे गाणी घेतली, आणि 'मुंबईजवळ एवढे गवत' याचे कौतुक करताना ते गवत कुणासाठी आहे हे बहुतेकांच्या लक्षातही आले नाही.

पण या आखणीत एक गोष्ट धरलेली नव्हती. जमीन रिकामी नव्हती. आरेत वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशा आदिवासींचे पाडे पूर्वीपासून होते. आजही 27 पाडे मोजले जातात. पाड्यापासून पाड्यापर्यंत, पाड्यापासून मरोळ-मरोशीकडे आणि गोरेगाव स्थानकाकडे त्यांच्या वाटा होत्या आणि आहेत. पॅरा गवत पाणथळ जमिनीत वाढते, त्यामुळे त्याच्या खाचरांतून जाणारा माणूस बांधावरूनच जातो. बांध हीच तिथली पायवाट. या वाटांवरून जाणारी बाई रिकाम्या हाताने क्वचितच असते. डोक्यावर मोळी, हंडा किंवा भाजीची पाटी असते, कडेवर मूल असते. विलायती पद्धतीची फिरती चक्री किंवा अरुंद फट तिला अडवते. तिच्यासाठी रुंद पायऱ्यांचा, हाताला खांब धरता येईल असा चढ लागतो. उपनगरातल्या उद्यानांना आणि आवारांना जी लोखंडी चक्री सर्रास बसवतात ती सायकल आणि गाय दोन्ही अडवते खरी, पण ओझे घेतलेल्या माणसालाही अडवते. हा दोष नजरचुकीचा नाही. वाट वापरणाऱ्याला विचारलेच जात नाही, त्याचा आहे.

पाड्यांवरचे भाजीचे आणि भाताचे तुकडे मात्र स्वतःची कुंपणे बाळगून आहेत. पण बिबट्यापुढे ही कुंपणे कामाची नाहीत. वासरू आणि शेळी रात्री बंद गोठ्यातच ठेवावी लागते.

उद्यानाची भिंत : संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौ.कि.मी. आहे. त्याच्या हद्दीवरील अतिक्रमणांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये आदेश दिले आणि त्यानंतर संरक्षक भिंतीचे काम वाढले. भिंत गुरांना अडवते, पण माणसाची रोजची वाट तिने तोडली की भगदाड पडते. आणि एकदा माणसाने भगदाड पाडले की त्यातून गुरे आधी जातात. जिथे पायवाट ठेवली आहे तिथे कुंपण टिकते, जिथे नाही तिथे ते दरवर्षी दुरुस्त करावे लागते. डोंगरउतारावर भिंतीचा आणखी एक धोका असतो : ती पाणीही अडवते. 2 जुलै 2019 च्या पहाटे मालाड पूर्वेच्या पिंपरीपाडा येथे जलाशयाच्या आवाराची भिंत मुसळधार पावसात कोसळून 25 हून अधिक माणसे दगावली. ती भिंत गुरांसाठी नव्हती. पण या टेकड्यांवर बंदिस्त काँक्रीटपेक्षा पाणी गाळून जाऊ देणारा गडगा किंवा तारेचे कुंपण शहाणपणाचे, हे तिने दाखवले.

तार आणि झटका : काटेरी तार स्वस्त, पण वाटसरूचे कपडे आणि म्हशीची कास दोन्ही फाडते, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना काही फूट तरी ती साधी असावी. सौर 'झटका मशीन' क्षणभराचा, पण जोरदार विद्युत्‌दाब ठरावीक अंतराने तारेत सोडते. धक्का बसतो, जीव जात नाही. वाटेच्या जागी तारेला स्प्रिंगची, रबरी मुठीची दोरी लावून माणसाला तार सोडवता येते. घरगुती वीज थेट तारेत सोडणे हा मात्र गुन्हा आहे आणि राज्यात त्यामुळे माणसे मेली आहेत. रेल्वेचा प्रश्न वेगळ्या मापाचा. 6 ऑक्टोबर 2022 रोजी गुजरातेत वंदे भारत गाडीला म्हशींची धडक बसल्यावर पश्चिम रेल्वेने मुंबई–अहमदाबाद मार्गावर धातूचे कुंपण घातले. तिथे गुरांसाठी सलग अडसर आणि माणसांसाठी फक्त पूल किंवा भुयारी मार्ग हाच पर्याय.

मोकाट गुरे : उपनगरातील तबेले डहाणूजवळच्या दापचरीला हलवण्याचा प्रयत्न अनेक वर्षे चालला, जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड परिसरांत काही तबेले तरीही राहिले. रस्त्यावर सोडलेली गाय आणि मालक नसलेला बैल संस्थांच्या आवारांत शिरतो. जुलै 2019 मध्ये पवईच्या आयआयटी मुंबईच्या आवारात बैलाच्या धडकेने एक प्रशिक्षणार्थी जखमी झाला, तेव्हा वनाला आणि तलावाला लागून असलेले हे आवार गुरांसाठी किती उघडे आहे याची चर्चा झाली.

कायदा : गुरांबद्दलचा आणि वाटेबद्दलचा कायदा परस्परांना ओळखत नाहीत. गुरे अतिक्रमण अधिनियम, 1871 नुसार पिकात शिरलेले जनावर जमिनीचा धारक पकडू शकतो, पण ते 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावे लागते. स्वतःकडे डांबून ठेवता येत नाही. शहरी भागात गुरे पाळणे आणि हलवणे 1976 च्या राज्य अधिनियमाने परवान्याच्या कक्षेत आणले. गायरानासाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 22 मध्ये आहे. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात सार्वजनिक गावजमिनींवरील अतिक्रमणे काढण्यासाठी योजना आखण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. वाटेसाठी तीन आधार आहेत. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 प्रमाणे 20 वर्षे उघडपणे आणि अखंड वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येतो. महसूल अधिनियमाचे कलम 143 धारकाला इतरांच्या शेतांच्या हद्दीवरून रस्ता मागू देते. मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 चे कलम 5 शेतीच्या किंवा चराईच्या जमिनीकडे जाणाऱ्या रूढीच्या वाटेवरचा अडथळा काढायला लावते. कुंपण घालणाऱ्याने वाट बंद केली असेल तर या शेवटच्या कलमाखालील दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाखल करावा लागतो. कोणत्या तहसीलदाराकडे जायचे हे तालुक्यावरून ठरते : मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके असून मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतात.