शब्दांचा जोडधंदा

नागपूरचं हिवाळी अधिवेशन संपलं की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला मथळा ठरलेला असतो : अधिवेशनाचं सूप वाजलं. मथळा देणाऱ्या उपसंपादकाच्या घरी सूप असण्याची शक्यता कमीच. त्याच्या आजीने त्यात तांदूळ पाखडले असतील. तो स्वतः निवडलेला तांदूळ पिशवीबंद आणतो. तरीही त्याला दुसरा शब्द सुचत नाही, आणि वाचकालाही सूप कशाला वाजवायचं असा प्रश्न पडत नाही.

लहानपणच्या घरातलं काय आज हवंसं वाटतं, असा विषय निघाला की चार माणसांत नावांची रांग लागते. जातं, पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब, घंगाळ, फिरकीचा तांब्या, लंबकाचं घड्याळ, कंदील, दगडी पाटी. कुणी म्हणतं भावांच्या वाटणीत गेलं, कुणी म्हणतं आईने मोडीत दिलं, कुणी म्हणतं फ्लॅटमध्ये जागाच नव्हती. वस्तू सगळ्याच गेल्या, पण शब्दांचं तसं झालेलं नाही. काही शब्द आपण अजून रोज वापरतो, काही मात्र नातवंडांना हातवारे करून समजवावे लागतात. हा फरक का पडावा? मला याचं एक साधं कारण दिसतं. वस्तू घरात नांदत असतानाच ज्या शब्दाने एखादा जोडधंदा धरला तो टिकला. ज्याला वस्तूचं नाव असण्याखेरीज दुसरं काही काम नव्हतं, तो वस्तूबरोबर अडगळीत गेला.

सुपाचंच पाहा. संस्कृत ‘शूर्प’, त्याचं प्राकृतात ‘सुप्प’, मराठीत ‘सूप’. सुपासारखी नखं असलेली ती शूर्पणखा, म्हणजे रावणाच्या बहिणीच्या नावातही हेच सूप आहे. लक्ष्मीपूजनानंतर पहाटे सूप वाजवत अलक्ष्मीला घराबाहेर घालवायची चाल पुष्कळ घरांत होती. ‘जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात’ ही म्हण तर पाळी येण्याचं भय एका वाक्यात सांगते. इतक्या ठिकाणी कामाला असलेला शब्द घरातलं सूप गेल्याने बेकार होत नाही. त्याच्या शेजारची चाळण दर पावसाळ्यात रस्त्यांवर उतरते. वेदकाळात ‘उलूखल’ म्हणून ओळखलं जाणारं उखळ अजून कुणाकुणाचं पांढरं होत असतं, आणि नको तिथे नेटकेपणा दाखवणाऱ्याचं मुसळ केरात जातं ते जातंच.

जात्याची कथा याहून गमतीची. ‘यंत्र’ हा संस्कृत शब्द प्राकृतातून येताना त्यातल्या ‘य’चा ‘ज’ झाला, जोडाक्षर झिजलं, आधीचा स्वर दीर्घ झाला आणि ‘जातं’ तयार झालं. आजी पहाटे उठून ज्या दोन दगडांपुढे बसायची, त्यांचं नाव मुळात ‘यंत्र’ होतं. पुढे मराठीने तोच शब्द संस्कृतातून कोरा करकरीत पुन्हा आणला आणि पुरणाच्या चाळणीला ‘पुरणयंत्र’ म्हटलं. होळीच्या दिवशी स्वयंपाकघरात एकाच शब्दाची दोन रूपं एकमेकांशेजारी ठेवलेली असायची, एक झिजलेलं आणि एक घासूनपुसून आणलेलं. जात्याने नुसती म्हण मिळवली असं नाही, त्याने स्वतःचं साहित्यही उभं केलं. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी आली, जातं अंगणात उलटं पडलं, पण बायकांनी दळताना स्वतःबद्दल जे म्हटलं होतं ते ‘जात्यावरच्या ओव्या’ या नावानेच ओळखलं जातं. दळणाबरोबर येणाऱ्या गाण्याचं नावसुद्धा जात्याला सोडून सांगता येत नाही.

पाट्याने वेगळा मार्ग धरला. म्हणींपेक्षा त्याला गोतावळ्याने तारलं. संस्कृत ‘पट्ट’ म्हणजे फळी, शिळा, लेख कोरण्याचा पत्रा. त्यापासून जेवायला बसायचा पाट, वाटण वाटायचा पाटा, मुळाक्षरं गिरवायची पाटी, मोजायची पट्टी, कमरेचा पट्टा. जुन्या ताम्रपटांत गावच्या अधिकाऱ्याला ‘पट्टकिल’ म्हटलेलं आढळतं, तोच आपला पाटील. एवढं मोठं कुटुंब असल्यावर एखाददुसरं माणूस कमी झालं तरी घर ओस पडत नाही. लाकडी चौकटीची, कोपऱ्याला खडखडणारी दगडी पाटी आता शाळेत कुणी नेत नाही. ती थुंकी लावून पुसण्याबद्दल मिळालेला धपाटा आणि चोरून खाल्लेल्या पेन्सिलीची चव तेवढी ज्याच्या त्याच्यापाशी राहिली. पण दुकानावर पाटी असते, रस्त्याच्या कडेला पाटी असते, नवशिक्याची पाटी कोरी असते, आणि पुण्यात तर पाटी हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. पाट्याच्या जोडीदाराला, वरवंट्याला, राजकारणात नोकरी मिळाली. दडपशाहीचा वरवंटा फिरल्याची बातमी देणाऱ्याने चटणी कधी वाटलेली असेलच असं नाही.

भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाची आठवण बहुतेकांना त्याच्या ठोक्यांमुळे येते. रविवारी वडिलांनी स्टुलावर चढून त्याला चावी द्यायची, हा घरातला छोटा सोहळाच असे. पण ‘घड्याळ’ या शब्दाच्या पोटात ना लंबक आहे ना चावी. तिथे आहे ‘घटी’, म्हणजे लहान घट. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी आत येत ती भरे आणि बुडे. तेवढा वेळ म्हणजे एक घटका, आपल्या २४ मिनिटांची. अशा ६० घटकांचा दिवस. ‘त्याची घटका भरली’ असं आपण म्हणतो तेव्हा खरोखरच भरलेल्या भांड्याबद्दल बोलत असतो. ‘घटकाभर बस की’ असा आग्रह करतो तेव्हाही पाण्यात घटिकापात्र सोडलेलं असतं. ते घरांतून आणि लग्नमंडपांतून केव्हाच गेलं. त्याच्या जागी आलेलं लंबकाचं घड्याळही गेलं. घटका मात्र अजून मोजल्या जातात, विशेषतः शेवटच्या.

दप्तराने तर इतके धंदे बदलले, की मूळचा धंदा ऐकून आश्चर्य वाटावं. ग्रीक भाषेत ‘डिप्थेरा’ म्हणजे कमावलेलं कातडं. पूर्वी कातड्यावर लिहीत, म्हणून लिखाणालाही तेच नाव पडलं. इतिहासकार हिरोडोटसने आयोनियातले ग्रीक पुस्तकांना कातडी म्हणतात, अशी नोंद केली आहे. हा शब्द इराणात गेला, फारसीत ‘दफ्तर’ झाला आणि नोंदवही, मग कचेरी, असे अर्थ घेत मराठी राज्यकारभारात आला. शिवछत्रपतींनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी दप्तर हललं नाही. पेशव्यांचे कागद ‘पेशवे दप्तर’ झाले, गो. स. सरदेसाईंनी १९३० पासून त्यांतल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. हाच शब्द शाळकरी पोराच्या पाठीवरही येऊन बसला. खाकी कापडाचं, शाईच्या डागांचं, पाठीवर उड्या मारणारं ते दप्तर आज कुणाकडे शिल्लक नाही. नव्या पिशवीला मुलं ‘बॅग’ म्हणतात. पण शाळांत ‘दप्तराचं ओझं’ कमी करायच्या गोष्टी चालू असतात आणि सरकारी कागद दप्तरी दाखल होत असतात. मूळ शब्दाने युरोपातही एक काम धरलं. घशात कातड्यासारखा पडदा धरणाऱ्या रोगाला, म्हणजे घटसर्पाला, डॉक्टरांनी ‘डिप्थेरिया’ नाव दिलं. दप्तर पाठीला लावण्याआधी मुलाला ज्या रोगाची लस टोचतात, तो दप्तराचा सख्खा नातेवाईक आहे.

माजघरातल्या दिवाणाचीही अशीच फिरती झाली. फारसी ‘दीवान’ म्हणजे आधी नोंदवही, मग हिशेबाची कचेरी, मग दरबार आणि त्यात बसणारा मंत्री. दरबारात भिंतीलगत ज्या लांब बैठकीवर मंडळी बसत, तिलाही ते नाव मिळालं आणि फिरत फिरत ते आपल्याकडच्या लाकडी दिवाणाला चिकटलं. त्याच्या पोटात गाद्या, नको झालेले कपडे आणि लपाछपीत एखादं पोरही मावत असे. शायराचा काव्यसंग्रह ‘दीवान’, संस्थानाचा प्रधान दिवाण आणि दुपारी आजोबा ज्यावर लवंडत तोही दिवाण.

अंधाराशी झुंजणाऱ्या वस्तूंपैकी कंदिलाचं नशीब चांगलं. लॅटिन ‘कँडेला’ ग्रीकमार्गे अरबीत गेली, तिथे ‘किंदील’ झाली आणि मराठीत ‘कंदील’. त्या लॅटिन शब्दाचं मूळ चकाकण्याच्या ज्या धातूत आहे, त्याच मुळापासून संस्कृतात ‘चंद्र’ आला. वीज आली आणि काच पुसून, वात कातरून कंदील लावायचं काम संपलं. पण दिवाळीत आकाशकंदील टांगायची रीत होती, तिने शब्दाला सांभाळलं. त्याच्यासोबतच्या रॉकेलच्या चिमणीला मात्र कुणी वाली उरला नाही. इंग्रजी ‘चिम्नी’ मराठीत आली तेव्हा इथे आधीच एक चिमणी घरटं करून होती, पण दोघींनी एकमेकींच्या वाटेत न येता बरीच वर्षं काढली. आज ‘चिमणीच्या उजेडात अभ्यास केला’ असं म्हटलं तर मुलाच्या डोळ्यांपुढे पाखरू येतं.

जोडधंदा नसला की काय होतं ते न्हाणीघरात दिसतं. तिथे बराचसा संसार पोर्तुगीज. ‘बॉम्बा’ म्हणजे पंप, त्याचा झाला बंब. ‘बाल्दे’ची झाली बालदी, आणि ‘ल’-‘द’ची अदलाबदल होऊन बादली. ‘पिपा’चं झालं पिंप. कोळशावर पाणी तापवणारा तांब्याचा बंब गेला तरी शब्दाने अग्निशमन दलात जागा मिळवली. चार बंब घटनास्थळी दाखल झाल्याचं आपण वाचतो आणि कुणी शेजारी जाडाबंब असतो. पण त्याच न्हाणीघरातलं अस्सल देशी नाव कुठलं? घंगाळ. मूळ शब्द ‘गंगालय’, गंगा जिथे राहते ते. रोजच्या आंघोळीच्या भांड्याला इतकं मोठं नाव दिलेलं, पण त्याची म्हण झाली नाही, क्रियापदही झालं नाही. गीझर आला आणि घंगाळ माळ्यावर गेलं, तिथून तांबटाकडे. शब्दही गेला.

आता गंमत अशी की घंगाळ एका अर्थी परत आलं आहे. हॉटेलांच्या दारात, लग्नाच्या मांडवात पितळेच्या पसरट भांड्यात पाणी घालून त्यावर पाकळ्या नि तरंगत्या पणत्या सोडतात. हौशी लोक ते भांडं घरातही आणतात आणि त्याला ‘उरुळी’ म्हणतात. हा मल्याळम शब्द. पुण्याच्या माणसाला उरुळी म्हटल्यावर उरुळी कांचन हे गाव आठवायला हवं, पण त्याला सजावटीचं दुकान आठवतं. वस्तू हवीशी वाटली, ती मिळालीही, पण तिचं नाव मधल्या काळात रिकामं राहिल्याने दुसऱ्या भाषेने येऊन ती जागा घेतली.

फडताळाचंही असंच झालं. भिंतीत बसवलेल्या, लाकडी दारांच्या त्या जागेत लाडवांचा डबा असे. तिला हटवलं ते कपाटाने. संस्कृतात ‘कपाट’ म्हणजे दाराची फळी. त्याचंच झिजलेलं रूप ‘कवाड’. केदारनाथचे ‘कपाट’ उघडल्याची हिंदी बातमी म्हणूनच मराठी माणसाला क्षणभर गोंधळात टाकते. तिकडे अजून दार आहे, आपल्याकडे दारामागचं सगळं सामानही त्या शब्दात कोंबलं गेलं. फिरकीचा तांब्या, रोवळी, सातकापीचा डबा यांची नावं आज पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या जागीच सापडायची, वस्तूखालच्या पाटीवर. पाटी तिथेही कामावर आहेच.

म्हणून जुन्या घरातली एखादी वस्तू पुन्हा हवीशी वाटली, तर ती जुन्या बाजारात शोधण्याआधी तिचा शब्द कुठे कामाला आहे ते बघावं. तो मिळाला तर निम्मी वस्तू मिळाल्यासारखी आहे, कारण ती वापरणाऱ्यांनी तिच्याकडे कसं पाहिलं ते त्या कामातच नोंदलेलं असतं. सुपाकडे त्यांनी शेवट करणारं म्हणून पाहिलं, जात्याकडे पाळीने दळणारं म्हणून.

आमच्या पिढीच्या वस्तूंचीही आता हीच परीक्षा चालू आहे. काळ्या फोनची चकती फिरवून नंबर लावायचे आणि बोलणं संपलं की जड रिसीव्हर खटकन जागेवर ठेवायचा. तो फोन मोडीत निघाला, रिसीव्हर गेला, ठेवायची जागाही गेली. तरी बोलणं संपवताना आपण म्हणतो, ‘चल, ठेवतो.’ खिशात मोबाइल घेऊन चालत चालत बोलणारी विशीतली मुलगीही आईला हेच म्हणते. ‘ठेवणं’ टिकलं. रिसीव्हरला धंदा मिळाला.