पैशाविषयीचे मौन



स्मृतिव्याख्यानाचा विषय उदात्त असावा, अशी अपेक्षा असते. मी मात्र आपल्या घरांतून जो विषय टाळला जातो, तोच घेतला आहे : पैसा.

आपल्या भाषेचीच साक्ष काढू. भिक्षुकाला आपण दक्षिणा देतो, गवयाला बिदागी आणि वक्त्याला मानधन. मोबदला द्यावयाचा, पण त्याला मोबदला म्हणावयाचे नाही! या रीतीत सौजन्य आहे, हे खरे. परंतु संकोचही तितकाच आहे.

या संकोचाला प्रथम वैद्यकाच्या दालनात कोणी हटकले असेल, तर ते व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडने. १९१३ मध्ये मनोविश्लेषणाचा आरंभ कसा करावा, यावर त्याने एक निबंध लिहिला. सुसंस्कृत माणसे कामविषयाबाबत जो आडपडदा आणि ढोंग बाळगतात, तेच पैशाबाबतही बाळगतात, असे त्याचे निरीक्षण होते. म्हणून वैद्याने आपल्या वेळेचे मोल रुग्णाला आरंभीच मोकळेपणाने सांगावे आणि पैसे फार काळ थकू देऊ नयेत, असे तो सांगतो. ज्याला रुग्णाकडून सत्य ऐकावयाचे आहे, त्याने स्वतः आडपडदा ठेवून कसे चालेल?

सुमारे दहा वर्षे फ्रॉइडने रोज एक, कधी दोन तास विनामूल्य उपचारांसाठी राखले होते. त्याचा अनुभव असा, की फुकट उपचारांनी रुग्णाच्या मनातील विरोध पुष्कळदा वाढतो; तरुणांना तर कृतज्ञतेचे ओझेच असह्य होते. परंतु तो तेथेच थांबला नाही. सप्टेंबर १९१८ मध्ये बुडापेस्ट येथील परिषदेत त्याने सांगितले, की शस्त्रक्रियेवर गरिबाचा जितका हक्क आहे, तितकाच मनाच्या उपचारांवरही आहे, हे समाजाला एक दिवस उमगेल. फेब्रुवारी १९२० मध्ये मॅक्स आयटिंगॉन व त्याच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमध्ये तसा दवाखाना उघडला. १९२२ मध्ये व्हिएन्नातही निघाला. बर्लिनच्या दवाखान्यात रुग्णाने आपल्याला झेपेल तेवढे द्यावे, आणि किती झेपते याबाबत त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा, असा प्रघात होता.

हे वाचताना मला आमच्या वेळची नादारी आठवते. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याच शहरात मी वाढलो. हायस्कुलात मात्र फी होती. मी आधी ज्या शाळेत होतो, तेथे नादार मुलांची नावे भर वर्गात वाचली जात. नादारीच्या अर्जात मिळकतीचा आकडा लिहावा लागे. माझ्या वडिलांनी तो अर्ज कधी भरलाच नाही. फी वेळेवर जात असे, एवढेच मला ठाऊक. वडील गेल्यावर त्यांच्या पेटीत सावकाराची चिठ्ठी सापडली, तेव्हा आईच्या पाटल्या कोठे गेल्या, ते कळले. आई म्हणाली, ‘‘अरे, तुला सांगून काय करायचं होतं?’’

मित्रहो, त्या वाक्यात माया होती. परंतु मला आधी कळते, तर मी शिकवण्या धरल्या असत्या. निदान वडिलांना कृपण समजलो नसतो. मौनाची ही किंमत कोणत्याही वहीत नोंदली जात नाही.

आपल्या देशात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्ये अंमलात आला आणि परवडणाऱ्या उपचारांचा हक्क त्याने मान्य केला. बुडापेस्टच्या भाषणाला तेव्हा शंभर वर्षे होत आली होती. परंतु ‘‘मला इतकेच झेपते’’ हे वाक्य उच्चारण्याचे धैर्य कायदा देऊ शकत नाही. ते घरात आणि शाळेतच मिळावे लागते. गरज सांगणाऱ्याची मान खाली जाऊ न देणारी शाळा, हेच आपल्या गुरुजनांचे खरे स्मारक ठरेल, असे मला वाटते.