भरपाई घेऊन पुन्हा कामावर : परळ-भोईवाड्यातील जायबंदी कामगार

परळच्या भोईवाड्याभोवती विसाव्या शतकात कारखाने आणि रुग्णालये एकमेकांना लागून उभी होती. नायगावची स्प्रिंग मिल, दादरच्या कोहिनूर आणि गोल्ड मोहर, लालबागची जाम मिल आणि रेल्वेचे परळ वर्कशॉप ही कामाची ठिकाणे वस्तीपासून पायी जाण्याच्या अंतरावर होती. 1926 साली सुरू झालेले केईएम रुग्णालयही तसेच जवळ होते. लूम खात्यात धोटा उडून डोळ्याला लागे. कार्डिंगच्या यंत्रात किंवा फिरत्या पट्ट्यात बोटे सापडत. जखम भरली की कामगारापुढे दोन प्रश्न उभे राहत : गेलेल्या अवयवाचे पैसे किती मिळणार, आणि कामावर परत गेल्यास ते बंद होणार का?

पहिल्या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिले ते 1923 साली. त्या वर्षीचा कामगार नुकसानभरपाई कायदा 1 जुलै 1924 पासून लागू झाला. त्यात दोन तऱ्हेच्या रकमा होत्या. कामगार तात्पुरता निकामी झाला, तर पहिले दहा दिवस सोडून दर पंधरवड्याला मासिक मजुरीचा चौथा हिस्सा मिळे, पण 15 रुपयांहून अधिक नाही. म्हणजे साधारण अर्धी मजुरी हाती येई. कायमच्या अपंगत्वासाठी मात्र एकरकमी भरपाई होती. कामगार पूर्ण निकामी झाल्यास 42 महिन्यांची मजुरी किंवा 3,500 रुपये, यांतील कमी असेल ती रक्कम मिळे. अपंगत्व अंशतः असल्यास त्या प्रमाणात.

हे प्रमाण परिशिष्टात ठरवून दिले होते. उजवा हात कोपरापासून गेल्यास 70 टक्के, डावा गेल्यास 60, एक डोळा गेल्यास 30, अंगठा 25, तर्जनी 10 आणि इतर कोणतेही बोट 5 टक्के. दरमहा 30 रुपये मजुरीच्या कामगाराची 42 महिन्यांची मजुरी 1,260 रुपये होई. तर्जनी गेल्यास त्याच्या वाट्याला 126 रुपये येत. परिशिष्टातल्या इजेसाठी कमाईत प्रत्यक्ष किती घट झाली हे सिद्ध करावे लागत नसे. कामगार दुसऱ्या आठवड्यात त्याच साच्यावर उभा राहिला, तरी ही रक्कम त्याचीच राही. पंधरवड्याचे पैसे मात्र काम सुरू होताच थांबत. कामावर न येण्याचे पैसे वेगळे आणि अंगाची कायमची हानी झाल्याचे पैसे वेगळे, हा भेद पुढच्या सर्व कायद्यांत टिकला.

कामाची हमी मात्र या कायद्यात नव्हती. गिरण्यांत भरतीची सूत्रे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असत आणि कायम कामगारांच्या मागे बदली कामगारांची रांग असे. महिना-दीड महिना खाडा पडला की जागेवर दुसरा माणूस उभा राहिलेला असे. परळच्या सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक ना. म. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून भरपाईचा विस्तार आणि आजारपणाचा विमा यांची मागणी सातत्याने मांडत राहिले.

आजारपणाचा विमा प्रत्यक्षात यायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. बी. पी. आडारकर यांनी 1944 साली दिलेल्या अहवालाच्या पायावर 1948 चा राज्य कामगार विमा कायदा झाला. योजनेची सुरुवात 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्ली येथे झाली आणि 1954 साली ती मुंबईत आली. भरपाईची जबाबदारी एकेका मालकाकडून राज्य कामगार विमा महामंडळाकडे गेली. मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीतून निधी उभा राहू लागला. मुंबईत औषधोपचारासाठी खासगी डॉक्टरांचे पॅनल नेमण्यात आले. मोठ्या उपचारांसाठी परळला महात्मा गांधी स्मारक रुग्णालय उभे राहिले. वस्तीत ते गांधी हॉस्पिटल म्हणूनच ओळखले जाते.

या योजनेने कायमच्या अपंगत्वाची एकरकमी भरपाई बदलून तिचे आजीवन निवृत्तिवेतनासारखे स्वरूप केले. लहान रकमा एकदम घेण्याची सोयही ठेवली. डॉक्टरचा अंतिम दाखला मिळून कामगार हजर झाला की तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे बंद होतात. मजुरी मिळालेल्या दिवसासाठी ते देता येत नाहीत. त्यानंतर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवते. तात्पुरत्या अपंगत्वाचा सध्याचा दर मजुरीच्या 90 टक्के आहे. रोजची सरासरी मजुरी 600 रुपये असेल, तर हा लाभ 540 रुपये होतो. अंगठा गेल्यास क्षमतेची घट 30 टक्के धरतात, म्हणून कामगाराला रोज 162 रुपये आयुष्यभर मिळतात. तो कामावर परतला तरी ते चालू राहतात आणि मजुरीतून वजा होत नाहीत. त्यासाठी ठरावीक काळाने हयातीचा दाखला द्यावा लागतो.

1948 च्या याच विमा कायद्याने आजारपणाचा किंवा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढण्यास मालकाला बंदी केली. पण हे संरक्षण लाभाच्या काळापुरतेच होते. एका हाताच्या माणसाला हलके काम देण्याचे बंधन खासगी गिरणीवर नव्हते. रेल्वेत चित्र वेगळे होते. मूळ कामासाठी वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरलेल्या कर्मचाऱ्याला पर्यायी पद देण्याचे नियम तिथे होते.

दमा-खोकल्याच्या बाबतीत कामावर परतणेच धोक्याचे ठरे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये आठवड्याच्या सुटीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळते. केईएममधील डॉ. एस. आर. कामत यांच्या पथकाने मुंबईच्या गिरणी कामगारांत या रोगाचा अभ्यास केला. अशा रुग्णाला औषध देऊन पुन्हा कार्डिंग खात्यात पाठवणे म्हणजे त्याला पुन्हा त्याच धुळीत नेणे. त्याची खरी गरज खाते बदलून मिळण्याची होती. कापलेले बोट दिसते. धाप कामामुळेच लागते हे मात्र सिद्ध करावे लागते. त्यामुळे या रोगाची भरपाई मिळवणे अधिक अवघड राहिले.

नवे काम शिकवण्याची सोय शहरात वेगळ्या वाटेने झाली. 1955 साली हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था सुरू झाली. 1959 साली अपंगांसाठी देशातले पहिले विशेष सेवायोजन कार्यालय मुंबईत उघडले आणि 1968 साली व्यवसाय पुनर्वसन केंद्र आले. न्यायालयांनीही क्षमता मोजण्याची दृष्टी बदलली. डावा हात गेलेला सुतार सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याचे नुकसान पूर्ण धरावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली प्रतापनारायण सिंह देव खटल्यात दिला.

गिरणी कामगारांच्या 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. गिरणी बंद झाली म्हणून आजीवन लाभ थांबत नव्हता. परत जाण्याची जागा मात्र उरली नाही. नोकरीत असताना अपंग झालेल्याला काढू नये, तेवढ्याच वेतनाचे दुसरे काम द्यावे, हा नियम 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम 47 ने आणला, तोही सरकारी आस्थापनांपुरता. 2016 च्या नव्या अपंग व्यक्ती कायद्यातही तो शासकीय आस्थापनांनाच बांधतो. 2020 साली संसदेने संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत भरपाई आणि विमा हे दोन्ही जुने कायदे सामावले गेले. कायमच्या अपंगत्वाचा लाभ घेत कामावर परतण्याचा हक्क अशा रीतीने शंभर वर्षे कायम राहिला; काम परत मिळण्याचा हक्क खासगी कारखान्यातील कामगारापर्यंत तेवढ्याच ठामपणे पोहोचला नाही.