एका पेनीचे अंतर : शहर कोणासाठी बांधले गेले, हे सांगणारा स्वच्छतागृहांचा इतिहास

१/ शहरांच्या इतिहासात राजवाडे, पूल आणि रेल्वेस्थानके यांची नोंद ठळकपणे होते. मुतारीची सहसा होत नाही. मात्र स्त्री घराबाहेर किती तास राहू शकेल, हे दीर्घकाळ याच सोयीने ठरवले. लंडनमध्ये सुरू होऊन पुण्या-मुंबईपर्यंत येणाऱ्या या इतिहासाचा हा धागा.

२/ १८५१. लंडनच्या हाइड पार्कमध्ये उभारलेल्या ‘क्रिस्टल पॅलेस’ या काचेच्या प्रासादात जागतिक औद्योगिक प्रदर्शन भरले. जॉर्ज जेनिंग्ज या अभियंत्याने तेथे पाण्याने धुतली जाणारी शौचकूपे बसवली. शुल्क एक पेनी. साडेपाच महिन्यांत सव्वाआठ लाखांहून अधिक लोकांनी ती पेनी मोजली.

३/ पुरुषांसाठी तेथे आणखी एक सोय होती : विनामूल्य मुताऱ्या. स्त्रीला मात्र प्रत्येक वेळी शौचकूपच वापरावे लागे आणि म्हणून प्रत्येक वेळी पेनी द्यावी लागे. अशा सोयींच्या अभावी सर्वांनाच, पण विशेषतः स्त्रियांना, यातना सोसाव्या लागतात, हे प्रदर्शनाच्या अधिकृत अहवालानेही नमूद केले. म्हणजेच प्रश्न अज्ञात नव्हता; तो सुरुवातीलाच कागदावर आला होता.

४/ या यशाने उत्साहित होऊन फेब्रुवारी १८५२ मध्ये फ्लीट स्ट्रीटवर पुरुषांसाठी आणि बेडफर्ड स्ट्रीटवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे उघडण्यात आली. लोकलज्जेस्तव त्यांना ‘सार्वजनिक प्रतीक्षागृह’ असे सोज्वळ नाव दिले गेले. परंतु फारसे कोणी फिरकले नाही आणि प्रयोग लवकरच गुंडाळावा लागला.

५/ पुढील दशकांत स्थानिक मंडळांनी पुरुषांसाठी मुताऱ्या बांधल्या; स्त्रियांच्या वाट्याला फारच थोडे आले. कारण केवळ खर्चाचे नव्हते. कुलीन स्त्रीचे स्थान घरात, अशी तत्कालीन समजूत होती. इंग्रजीत ‘सार्वजनिक स्त्री’ म्हणजे वेश्या. मराठीतील ‘बाजारबसवी’ या शब्दामागेही हीच धारणा आहे. जी रस्त्यावर असायलाच नको, तिच्यासाठी रस्त्यावर सोय कशाला?

६/ परिणामी स्त्रिया पाणी पिणे टाळत, कामे अर्धवट सोडून परतत. आज अभ्यासक या बंधनाला ‘लघवीचे दावे’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. दावणीला बांधलेल्या गुराप्रमाणे दोरी जितकी लांब, तितकेच फिरणे. श्रीमंत स्त्रीला परिचितांचे घर किंवा उपाहारगृह तरी असे; फुले विकणाऱ्या, कारखान्यात वा दुकानात राबणाऱ्या स्त्रीला तेही नव्हते.

७/ विरोधाचे स्वर उमटले ते सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातून. ‘लेडीज सॅनिटरी असोसिएशन’ या महिला संघटनेने ही मागणी लावून धरली. १८७९ मध्ये पॅडिंग्टन विभागाचे आरोग्याधिकारी डॉ. जेम्स स्टीव्हन्सन यांनी लंडनमधील स्त्रियांसाठी शौचालयांची निकड मांडणारा स्वतंत्र अहवालच लिहिला.

८/ तरीही १९०० मध्ये कॅमडेन टाउनच्या चौकात स्त्रियांसाठी एक स्वच्छतागृह बांधण्याचा प्रस्ताव येताच गदारोळ उठला. रहिवाशांना मालमत्तेचे मोल घटण्याची भीती, घोडागाडीवाल्यांना वाहतुकीच्या अडथळ्याची. चाचणीसाठी रस्त्यात लाकडी सांगाडा उभा केला, तर त्यावर वाहने वारंवार आदळू लागली. हे अपघात मुद्दाम घडवले जात आहेत, असे एका सदस्याचे मत होते.

९/ तो सदस्य म्हणजे नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ! ते तेव्हा सेंट पँक्रसच्या स्थानिक मंडळावर होते. गरीब स्त्रीला एक पेनीही परवडत नाही, हा मुद्दा त्यांनी मांडला. १९०९ च्या एका लेखात त्यांनी याच अनुभवावरून असा निष्कर्ष काढला की, जेथे हा विषय उच्चारणेही असभ्य ठरते, तेथे निर्णय घेणाऱ्या सभेत स्त्रिया स्वतः असल्याच पाहिजेत. शौचालयाचा प्रश्न अशा रीतीने मताधिकाराशी जोडला गेला.

१०/ याच काळातील अनेक स्वच्छतागृहे रस्त्याखाली, जिने उतरून जाण्याजोगी बांधली गेली. ती दृष्टिआड राहिली, म्हणून सभ्यता जपली गेली. पण वृद्ध, अपंग आणि कडेवर मूल असलेली आई यांच्यासाठी तो जिनाच अडसर ठरला. सोय असणे आणि ती गाठता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

११/ पेनीचा हिशेब भारतातही चुकला नाही. १९७० मध्ये बिंदेश्वर पाठक यांनी स्थापन केलेल्या ‘सुलभ’ संस्थेने पैसे देऊन वापरायच्या स्वच्छ शौचालयांचा पायंडा देशभर पाडला. ‘सुलभ’ हा मराठीत जणू सामान्यनामच झाला. पण शहरांतील सशुल्क शौचालयांत पुरुषांची मुतारी बहुधा विनामूल्य राहिली. स्त्रीला त्याच कारणासाठी बंद खोली लागते, म्हणून तिच्याकडून पैसे घेतले जात. २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने नेमके याच विषमतेवर बोट ठेवले.

१२/ पुण्यातील ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या वतीने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृहांची सोय हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला आणि महापालिकांना ती पुरवण्याचे निर्देश दिले. १८५१ च्या प्रदर्शनाच्या अहवालात जी यातना म्हणून नोंदली गेली, ती येथे हक्काच्या भाषेत लिहिली गेली.

१३/ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतींतील सुगम्यताही बंधनकारक केली. हा इतिहास आपल्या शहरात तपासायचा असेल, तर जवळच्या स्वच्छतागृहापाशी पाच प्रश्न पुरेत : ते रात्री उघडे असते का? आत पाणी आणि कडी आहे का? चाकाची खुर्ची आत जाते का? पैसे कोणाकडून घेतले जातात? आणि ते बांधण्याचा निर्णय झाला, त्या सभेत कोण कोण होते?